पुडके बांधणाऱ्याची जबाबदारी

(प्राथमिक शिक्षकांपुढील व्याख्यानाचा मजकूर)



प्राथमिक शाळेच्या दप्तरात जनरल रजिस्टरास जे स्थान आहे ते दुसऱ्या कोणत्याही वहीस नाही. मूल पहिलीत दाखल झाले की त्याचे नाव, जन्मतारीख, जात, पालकांचे नाव ही त्यात चढतात; आणि तीस-चाळीस वर्षांनी त्या मुलास कसलाही दाखला हवा झाला, तरी अखेर बोट ठेवले जाते ते त्याच ओळीवर. म्हणून हे रजिस्टर कुलपात असते, किल्ली मुख्याध्यापकांपाशी असते, आणि एकदा झालेली नोंद वरिष्ठांच्या लेखी मंजुरीवाचून फिरविता येत नाही. कागदाच्या वहीची ही शिस्त शिक्षकांच्या अंगवळणी पडलेली आहे.

आता त्याच नोंदी संगणकाच्या पडद्यावरही भराव्या लागतात. यू-डायस प्लसवर विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचे काम शिक्षकवर्गास नवे राहिलेले नाही. काही शाळा आपले संकेतस्थळ चालवितात. कोठे ग्रंथालयाची, कोठे निकालपत्रकाची नोंद अशाच साधनांवर ठेवली जाते. या सर्व साधनांस वेब-ॲप्लिकेशन असे नाव आहे. साधा प्रोग्राम एका माणसाच्या टेबलावरील संगणकात राहतो व त्याच्याच हुकमतीत चालतो. वेब-ॲप्लिकेशनाचे तसे नाही. ते सर्व्हर नावाच्या दूरच्या संगणकात राहते आणि त्याची खिडकी जगाच्या रस्त्यावर रात्रंदिवस उघडी असते. त्या खिडकीशी जसे मुख्याध्यापक येतात तसाच चोरही येतो. आणि आतल्या प्रोग्रामास दोघांचेही बोलणे ऐकून घ्यावे लागते, कारण ऐकल्यावाचून समोर कोण आहे हे त्यास कळत नाही.

असा प्रोग्राम लिहिणारे लोक वेगळे आणि तो सर्व्हरवर बसविण्याजोगा करून देणारे लोक वेगळे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या दुसऱ्या वर्गाच्या कामाचा परिचय करून देणे हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे. शिक्षकाने संगणकतज्ज्ञ व्हावे अशी कोणाची अपेक्षा नाही. परंतु ज्याच्या हवाली मुलांची नावे करावयाची, ते साधन कोणत्या रीतीने बसविले म्हणजे विश्वासास पात्र ठरते, एवढे त्यास कळले पाहिजे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहिली पाहिजे. संगणकाचे सर्व व्यवहार ज्या मूळ प्रोग्रामाच्या आधाराने चालतात, त्यांपैकी लिनक्स हा एक होय. फिनलंडमधील हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ साली प्रसिद्ध केला. परंतु लिनक्स एकटा उपयोगी पडत नाही. त्याच्याभोवती हजारो लहानमोठे प्रोग्राम जुळवावे लागतात. हे प्रोग्राम निवडून, तपासून, एकमेकांशी जुळवून लोकांच्या हाती देणारी जी संस्था, तिच्या त्या संग्रहास डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. डेबियन हे त्यांतील एक जुने व मान्यता पावलेले डिस्ट्रिब्यूशन. १६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतील इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने त्याचा प्रारंभ केला. आणि डेब्रा या आपल्या मैत्रिणीचे नाव व स्वतःचे नाव जोडून त्याचे नामकरण केले. डेबियनचे काम देशोदेशींचे स्वयंसेवक करतात. त्याच्या चित्रमय स्थापनेच्या वेळी प्रश्नोत्तरांची भाषा म्हणून मराठीही निवडता येते.

डेबियनमधील प्रत्येक प्रोग्राम एका पुडक्यात बांधलेला असतो. त्यास पॅकेज म्हणतात. पुडक्यात प्रोग्राम तर असतोच. त्याशिवाय तो कोठे ठेवावा, त्यास दुसरे कोणते प्रोग्राम लागतात, बसविताना काय करावे, काढताना काय करावे, ही सर्व माहितीही असते. पुस्तकांचा संच तालुक्याहून शाळेत आला म्हणजे त्याबरोबर यादी असते, इयत्तावार बांधणी असते, पोचपावती असते. तशीच ही व्यवस्था. पुडके बांधणाऱ्यास मेंटेनर म्हणजे सांभाळणारा असे नाव आहे. नावावरूनच दिसून येईल की त्याचे काम बांधून मोकळे होण्याचे नाही. पुडके लोकांपाशी असेपर्यंत ते सांभाळण्याचे आहे.

वेब-ॲप्लिकेशनाचे पुडके बांधताना पहिला विचार करावयाचा तो जागांचा. अशा कोणत्याही प्रोग्रामात तीन भिन्न प्रकारच्या वस्तू असतात. एक, प्रोग्राम स्वतः. दुसरी, त्या त्या ठिकाणची व्यवस्था सांगणारी टिपणे, उदाहरणार्थ शाळेचे नाव व नोंदसंग्रहाचा परवलीचा शब्द. आणि तिसरी, लोकांनी भरलेल्या नोंदी व पाठविलेली चित्रे. डेबियनमध्ये या तिहींना तीन जागा नेमून दिलेल्या आहेत. प्रोग्राम ‘यूएसआर’ नावाच्या कप्प्यात, टिपणे ‘ईटीसी’ नावाच्या कप्प्यात, आणि बदलत्या नोंदी ‘व्हार’ नावाच्या कप्प्यात. शाळेतही छापील पाठ्यपुस्तके एका कपाटात, परिपत्रकांची फाइल दुसरीकडे आणि हजेरीपट तिसरीकडे असतात. हजेरीपटावर रोज लिहावयाचे असते. पाठ्यपुस्तकावर कोणी लिहू लागला तर त्यास शिक्षक थांबवितो.

या विभागणीचे मर्म अधिकारात आहे. सर्व्हरवर ‘रूट’ या नावाचा एक सर्वाधिकारी असतो. प्रोग्रामाच्या कप्प्यात लिहिण्याचा अधिकार फक्त त्यास असतो. खिडकीशी बसून जगाशी बोलणारा जो वेब-सर्व्हर, तो डेबियनमध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वेगळ्या नावाने, अगदी मोजक्या अधिकारावर चालतो. त्यास प्रोग्राम वाचता येतो, परंतु बदलता येत नाही. आता असे समजा की एखाद्या लबाडाने त्या खिडकीशी येऊन काही गैर मजकूर पाठविला आणि आतल्या प्रोग्रामास भुलविले. जर प्रोग्रामास आपलेच शरीर बदलण्याची मुभा असेल, तर तो लबाड त्याच्या हातूनच त्याच्या पोटात आपली चार वाक्ये लिहून घेईल. आणि पुढे महिनोन्महिने प्रत्येक शिक्षकाने टाइप केलेला परवलीचा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचत राहील. कुंपणच शेत खाऊ लागले म्हणजे राखणदाराचा उपयोग नाही. परंतु लिहिण्याचा अधिकारच नसेल, तर भुललेला प्रोग्रामही त्यास हे दान देऊ शकत नाही.

वर्डप्रेस या प्रसिद्ध प्रोग्रामाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. २००३ मध्ये निघालेल्या या प्रोग्रामावर आज जगातील असंख्य संकेतस्थळे चालतात. मूळच्या वर्डप्रेसात, पडद्यावरील एक बटण दाबले की प्रोग्राम आपली नवी आवृत्ती आपणच उतरवून घेतो. ही सोय खरी. परंतु त्यासाठी त्यास आपले शरीर बदलण्याचा अधिकार द्यावा लागतो. डेबियनच्या पुडक्यात वर्डप्रेसचा मुख्य भाग रूटच्या मालकीचा ठेवलेला असतो व टिपणे ‘ईटीसी’मध्ये वेगळी असतात. नवी आवृत्ती आणण्याचे काम प्रोग्रामाकडे न ठेवता सर्व्हरच्या व्यवस्थेकडे दिलेले असते. यात थोडी गैरसोय होते हे मान्य केले पाहिजे. परंतु रजिस्टराच्या कपाटास कुलूप लावण्यातही गैरसोय असतेच.

नोंदी व चित्रे ठेवण्याच्या जागेत प्रोग्रामास लिहू द्यावेच लागते. त्यावाचून त्याचे काम चालणार नाही. म्हणून तेथे निराळी खबरदारी घ्यावयाची असते. जी जागा बाहेरच्यांनी पाठविलेल्या वस्तूंनी भरते, त्या जागेतील कोणतीही वस्तू प्रोग्राम म्हणून चालविली जाऊ नये, अशी तजवीज वेब-सर्व्हरला सांगून ठेवावी लागते. नाहीतर छायाचित्र म्हणून पाठविलेल्या वस्तूच्या पोटात हुकूम दडलेले असावयाचे आणि सर्व्हरने ते निमूटपणे पाळावयाचे, असा प्रकार घडतो. तसेच परवलीचा शब्द ज्या टिपणात आहे ते टिपण संकेतस्थळाच्या उघड्या भागात कधीही राहू नये. आणि तो शब्द साऱ्या जगात एकच नसावा. डेबियनमध्ये नोंदसंग्रहाची जुळणी करण्यासाठी एक सामायिक साधन आहे. बसविणाऱ्याने स्वतः शब्द दिला नाही तर ते प्रत्येक ठिकाणी नवा, अंदाज न करता येणारा शब्द तयार करते. एकाच साच्याची कुलुपे गावभर वाटली तर एक किल्ली चोरीस जाताच सारे गाव उघडे पडते, हे सांगावयास नको.

दुसरा विचार दाराचा. पुष्कळ वेब-ॲप्लिकेशनांत प्रथम बसविताना एक मांडणीचे पान असते. त्यावर येऊन मालकाने आपले नाव व परवलीचा शब्द ठरवावयाचा असतो. अडचण अशी की प्रोग्राम बसल्यापासून मालक त्या पानावर येईपर्यंत जो काळ जातो, त्यात दुसरा कोणी तेथे आला तर मालकी त्याची होते. अशी उघडी राहिलेली पाने शोधत फिरणारे प्रोग्राम जगात आहेत. ते थकत नाहीत व झोपतही नाहीत. पीएचपी-मायॲडमिन या नोंदसंग्रह सांभाळणाऱ्या प्रोग्रामाच्या मांडणी-पानात २००९ मध्ये असाच एक दोष उघडकीस आला; त्या पानाच्या वाटेने परक्यास आपले हुकूम टिपणात घुसविता येत होते. डेबियनच्या पुडक्यात त्या पानास निराळे कुलूप घातलेले होते व स्वतंत्र परवलीच्या शब्दावाचून ते उघडत नसे. यातून निघणारा नियम साधा आहे: मालक येईपर्यंत दार बंद असावे. नवी खोली बांधून झाली म्हणजे किल्ली हाती पडेपर्यंत कंत्राटदार तिचे दार उघडे टाकून जात नाही. गेला तर त्या खोलीत गुरे शिरतात.

तिसरा विचार, बसविणाऱ्याने केलेल्या बदलांचा. शाळेने आपल्या सोयीनुसार टिपणात काही फेरफार केले. पुढे सहा महिन्यांनी पुडक्याची नवी आवृत्ती आली. तिने ते फेरफार पुसून टाकले. असे झाले तर माणूस पुन्हा नवी आवृत्ती घेण्यास धजत नाही, आणि जुन्या आवृत्तीतील दोष तसेच राहतात. म्हणून डेबियनच्या नियमावलीत स्पष्ट बंधन आहे की स्थानिक बदल नव्या आवृत्तीच्या वेळी जतन झालेच पाहिजेत. टिपण बदललेले आढळले तर बसविणारा प्रोग्राम थांबतो व विचारतो: तुमचे ठेवावे की नवे घ्यावे? उत्तर न देता नुसती कळ दाबली तर जुने कायम राहते. काढून टाकण्याच्या बाबतीतही असाच विवेक आहे. पुडके नुसते काढले तर टिपणे मागे राहतात. ती समूळ नाहीशी करण्यासाठी वेगळा हुकूम द्यावा लागतो. आणि नोंदसंग्रह पुसण्यापूर्वी पुन्हा विचारणा होते. ज्या वहीत मुलांची नावे आहेत ती फाडण्यापूर्वी दोनदा विचारणे ही साधी माणुसकी आहे.

चौथा विचार उसन्या भागांचा. कोणताही प्रोग्राम सर्वस्वी एकाने लिहिलेला नसतो. पत्र पाठविणे, चित्र लहान करणे, तारखा मांडणे अशा कामांसाठी दुसऱ्यांनी लिहिलेले तयार भाग घेतलेले असतात. लिहिणारा सोयीसाठी त्या भागाची प्रत आपल्या प्रोग्रामात घालून ठेवतो. अशा शंभर प्रोग्रामांत शंभर प्रती होतात. डिसेंबर २०१६ मध्ये पीएचपी-मेलर या पत्र पाठविणाऱ्या भागात एक घातक दोष सापडला. त्याच्या आधारे परक्यास सर्व्हरवर आपले हुकूम चालविता येणे शक्य होते. तो भाग पुष्कळ वेब-ॲप्लिकेशनांनी उसना घेतलेला होता. मूळ लेखकांनी दुरुस्ती केली. परंतु ठिकठिकाणी दडलेल्या प्रती कोणी शोधावयाच्या? डेबियनचा आग्रह असा की पुडके बांधताना या प्रती शक्य तेथे काढून टाकाव्या व सर्वांनी एकाच सामायिक प्रतीचा उपयोग करावा. मग दुरुस्ती एका जागी झाली की ती सर्वत्र लागू होते. गावातील प्रत्येक घरी वेगळे आड असतील तर पटकीच्या दिवसांत प्रत्येक आडात औषध टाकावे लागते. सार्वजनिक विहीर एक असेल तर एकदाच. अर्थात त्या एका विहिरीची राखण अधिक दक्षतेने करावी लागते, हेही तितकेच खरे.

पाचवा विचार वेळेचा, आणि येथे सर्वांत जास्त नुकसान झालेले आहे. ड्रुपल हा संकेतस्थळे चालविणारा दुसरा एक प्रोग्राम. त्याच्या सातव्या आवृत्तीत एक दोष होता. खिडकीशी आलेला कोणीही, नाव न सांगता, नोंदसंग्रहास वाटेल तो हुकूम देऊ शकत होता. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलच्या कार्यकर्त्यांनी दोष जाहीर केला व दुरुस्तीही दिली. ती दुरुस्ती अवघ्या एका ओळीची होती. परंतु दुरुस्ती पाहूनच दोष कोठे आहे हे लबाडांसही कळले. दोन आठवड्यांनी, २९ ऑक्टोबर रोजी, ड्रुपलकडूनच असा इशारा देण्यात आला की जाहीर झाल्यापासून सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपले संकेतस्थळ फुटले असे समजूनच पुढील उपाय करावेत. हे सात तास भारतीय वेळेने रात्री साडेनऊपासून पहाटे साडेचारपर्यंतचे होते. ज्या सर्व्हरची देखभाल झोपलेल्या माणसाच्या हाती होती, तो सकाळी परक्याचा झालेला असण्याचा संभव होता.

डेबियनने त्याच दिवशी ड्रुपलच्या पुडक्याची दुरुस्त आवृत्ती प्रसृत केली. ज्या सर्व्हरांवर सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप घेण्याची व्यवस्था केलेली होती, त्यांना मालकाच्या जागे होण्याची वाट पाहावी लागत नव्हती. बांधलेल्या पुडक्याचा खरा लाभ तो हाच. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत दोष सापडला म्हणजे सहसा पूर्ण नवा प्रोग्राम आणीत नाहीत. जुन्या प्रोग्रामातच तेवढी दुरुस्ती बसवितात. पाठ्यपुस्तकात एक आकडा चुकला तर वर्षाच्या मध्यावर पुस्तक बदलीत नाहीत, शुद्धिपत्र पाठवितात. त्यामुळे वर्गाचे काम न थांबता चूक दुरुस्त होते.

दुरुस्ती खरोखर डेबियनकडूनच आली, वाटेत कोणी बदलली नाही, याची खात्री कशी पटावी? प्रश्नपत्रिकांचे पाकीट मोहोरबंद येते. मोहोर फुटलेली असेल तर केंद्रसंचालक ते स्वीकारीत नाही. डेबियनचे पुडके उतरविणारा प्रोग्राम हीच रीत पाळतो. भांडाराच्या यादीवर संस्थेची गणिती सही असते. यादीत प्रत्येक पुडक्याची ओळखखूण नोंदलेली असते. पुडक्यातील एक अक्षर जरी बदलले तरी खूण जुळत नाही व पुडके नाकारले जाते. कोणी सांगितले म्हणून अनोळखी ठिकाणाहून प्रोग्राम उतरविणे व या मार्गाने घेणे यांत केवढे अंतर आहे, हे यावरून कळून येईल.

येथपर्यंत मूळ लेखकाच्या चुकांपासून होणारे नुकसान सांभाळणारा कसे टाळतो हे पाहिले. परंतु सांभाळणाराही माणूसच आहे, आणि त्याच्या हातूनही प्रमाद होतो. या बाबतीत डेबियनच्याच इतिहासातील एक प्रसंग डोळ्यांआड करून चालणार नाही. ओपन-एसएसएल हा गुप्त किल्ल्या बनविणारा प्रोग्राम आहे. संकेतस्थळाशी होणारे बोलणे तिऱ्हाईतास कळू नये यासाठी त्याचा उपयोग होतो. २००६ मध्ये एका तपासणी-साधनाने या प्रोग्रामातील काही ओळींबद्दल आक्षेप घेतला. आक्षेप दूर करण्यासाठी डेबियनच्या पुडक्यात दोन ओळी वगळण्यात आल्या. त्यापूर्वी मूळ लेखकांच्या चर्चामंडळात विचारणाही झाली होती. परंतु विचारणारास आणि उत्तर देणारांस एकमेकांचा आशय पुरता उमगला नाही. वगळलेल्या ओळींपैकी एक अशी होती की जिच्यामुळे किल्ली अंदाजापलीकडची होत असे. ती गेल्यावर किल्ल्या दिसावयास पूर्वीसारख्याच राहिल्या, कुलुपेही उघडत-मिटत राहिली. परंतु किल्ल्यांतील वैविध्य आता केवळ ३२,७६८ आकड्यांवर येऊन ठेपले. संगणकास एवढ्या सर्व किल्ल्या लावून पाहण्यास फारसा वेळ लागत नाही. जवळजवळ दोन वर्षे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. १३ मे २००८ रोजी डेबियनने तो दोष स्वतः जाहीर केला, दुबळ्या किल्ल्या ओळखण्याचे साधन दिले, आणि त्या काळात बनलेल्या सर्व किल्ल्या टाकून नव्या करण्यास जगभरच्या लोकांना सांगितले.

या प्रसंगातून दोन बोध मिळतात. दुसऱ्याने लिहिलेली ओळ निरुपयोगी दिसली म्हणून खोडू नये. ती कशासाठी लिहिली हे लिहिणाऱ्यास पुरते समजेल अशा रीतीने विचारावे, आणि केलेला बदल त्याच्याकडे पाठवून तपासून घ्यावा. दुसरा बोध जाहीर करण्याचा. डेबियनने १९९७ मध्ये आपल्या लोकांशी जो सामाजिक करार केला, त्यात अडचणी लपविणार नाही असे एक कलम आहे. २००८ मध्ये त्या कलमाची कसोटी लागली. दोष झाकून ठेवला असता तर संस्थेची लाज राहिली असती, परंतु लोकांची कुलुपे उघडीच राहिली असती.

शेवटचा विचार नकाराचा. प्रत्येक मागणीचे पुडके बांधता येतेच असे नाही. ओनक्लाउड या नावाचा, कागदपत्रे साठविण्याचा एक वेब-प्रोग्राम आहे. तो पूर्वी डेबियनच्या भांडारात होता. त्याच्या कर्त्यांचे म्हणणे असे की एका आवृत्तीवरून पुढील आवृत्तीवर एकेक पायरी चढूनच यावे. मधली पायरी गाळू नये. डेबियनची स्थिर आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी निघते. तेवढ्यात त्या प्रोग्रामाच्या अनेक आवृत्त्या होऊन जात. स्थिर आवृत्तीवरून स्थिर आवृत्तीवर येणाऱ्यास पायऱ्या गाळाव्या लागणार, आणि गाळल्या तर नोंदी बिघडण्याचा धोका. दोन्ही बाजूंचा मेळ बसेना, तेव्हा २०१६ मध्ये तो प्रोग्राम भांडारातून काढण्यात आला. पुष्कळांस ते गैरसोयीचे झाले. परंतु ज्याचा सांभाळ करता येणार नाही ते आपल्या नावाने लोकांच्या हाती न देणे, हेही जबाबदारीचेच अंग होय. चौथीचा वर्ग उघडावयाचा आणि शिक्षक द्यावयाचा नाही, याने मुलांचे भले होत नाही.

हे सर्व शाळेच्या कामाशी कोठे जुळते, असा प्रश्न कोणी विचारील. नॉर्वे देशात २००१ साली काही लोकांनी शाळांसाठी स्कोललिनक्स नावाचे कार्य सुरू केले; ते डेबियनशी एकरूप होऊन डेबियन-एज्यु या नावाने चालू आहे. त्यात शाळेचा एक मुख्य सर्व्हर असतो व त्याचे ठरलेले नाव नॉर्वेच्या भाषेतील ‘सेवक’ या अर्थाच्या शब्दावरून ठेवलेले आहे. विद्यार्थी व शिक्षक यांची खाती एका वेब-ॲप्लिकेशनाच्या साहाय्याने उघडली व मिटविली जातात. आणि ते ॲप्लिकेशनही इतर प्रोग्रामांप्रमाणेच पुडक्यात बांधलेले असते. शाळेच्या गरजेसाठी, संगणकतज्ज्ञ हाताशी नसलेल्या ठिकाणीही, हा सांभाळ पोहोचविता येतो, याचे हे प्रत्यक्ष उदाहरण होय.

आपल्याकडे शाळेत संकेतस्थळ किंवा नोंदींचे साधन बसवून देण्यास पुष्कळदा तालुक्याचा एखादा उत्साही तरुण येतो. तो दोन तासांत सर्व चालू करून दाखवितो आणि मोबदला घेऊन, अथवा न घेताही, निघून जातो. त्याचा उत्साह प्रशंसनीय आहे. परंतु त्यास निरोप देण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी काही प्रश्न नम्रपणे विचारावेत. हा प्रोग्राम स्वतःस बदलू शकतो काय, की तो अधिकार दुसऱ्याकडे आहे? परवलीचा शब्द कोणत्या टिपणात आहे आणि ते टिपण बाहेरून दिसते काय? मांडणीचे पान बंद केले काय? हा प्रोग्राम कोणत्या भांडारातून आणला आणि त्याच्या दुरुस्त्या कोण पाठविणार? त्या आपोआप बसतील काय, आणि बसल्यावर शाळेने केलेली मांडणी कायम राहील काय? सर्व्हर उद्या जळाला तर नोंदींची दुसरी प्रत कोठे आहे? तरुणास उत्तरे ठाऊक असतील तर तो आनंदाने देईल. नसतील तर तो विचारात पडेल, आणि पुढच्या शाळेत अधिक काळजीने काम करील. दोन्ही प्रकारे प्रश्न वाया जात नाही.

उत्तरे कागदावर उतरवून घ्यावीत, त्यावर दिनांक घालावा व तो कागद शाळेच्या फाइलीत लावावा. मुख्याध्यापकांची बदली झाली म्हणजे पदभार देताना जडवस्तूंच्या नोंदवहीप्रमाणे हाही कागद नव्या मुख्याध्यापकांच्या हवाली करावा व परवलीचा शब्द त्याच वेळी बदलावा. जुन्या माणसाच्या माघारी किल्ली कोणापाशी आहे हे ठाऊक नसणे, यासारखा धोका नाही.

पुडके बांधणारे हे लोक कोणास दिसत नाहीत. त्यांचे काम नीट झाले तर काहीच घडत नाही. संकेतस्थळ चालू राहते, निकालपत्रके निघतात, आणि कोणास त्यांची आठवण होत नाही. प्राथमिक शिक्षकाच्या पुष्कळशा कामाचे स्वरूपही असेच आहे. ज्या मुलाची जन्मतारीख पहिल्या दिवशी अचूक लिहिली गेली, त्या मुलास पुढे कधी कचेरीचे हेलपाटे घालावे लागत नाहीत, आणि ते का लागले नाहीत याचा विचारही तो कधी करीत नाही. पडद्यावर भरलेल्या नोंदीच्या बाबतीतही त्या मुलास हाच निर्धोकपणा लाभावा. त्यासाठी वर सांगितलेले प्रश्न येत्या सत्रात प्रत्येक शाळेत एकदा तरी विचारले जावेत, एवढीच विनंती.